सावित्रीवरचा दगडी पूल

मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवर १९२८ साली दगडी कमानींचा पूल बांधला गेला. कमानीचा प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला रेटून धरतो आणि सारा भार खांबांवाटे पायाकडे उतरतो. पुराने पायाखालचा तळ खरवडला, तर खांबासह शेजारच्या कमानीही ढासळतात.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात हा पूल कोसळला. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई या एसटी बसगाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती. पुढे नवा पूल अवघ्या १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये वाहतुकीस खुला झाला.

जैन दर्शन प्रमादाला हिंसेचे मूळ मानते. पाण्याखालच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पायाची वेळेवर तपासणी करणे, हीदेखील जीवदयाच होय.