हॅम्बर्गमध्ये मोबाइल उचलण्याआधी

हॅम्बर्गला शिकायला आलेल्या आपल्या मुलामुलींना व्हिडिओ करायची हौस असते, आणि ती असावीच. रविवारी पहाटे एल्बेकाठच्या फिशमार्केटात गाडीवर उभा राहून ओरडून ओरडून मासे विकणारा विक्रेता दिसला की हात आपोआप वर जातो. तिथेच क्षणभर थांबा. त्याचा चेहरा ठळक येणार असेल तर आधी त्याला विचारा.

या नियमाचं मूळ हॅम्बर्गजवळच आहे. १८९८मध्ये जर्मनीचा माजी चॅन्सेलर बिस्मार्क वारला, त्या रात्री हॅम्बर्गच्या दोन छायाचित्रकारांनी फ्रीडरिक्सरूच्या त्याच्या घरात घुसून मृतदेहाचा फोटो काढला. केवढा गहजब झाला! पुढे १९०७च्या कायद्यात स्वतःच्या प्रतिमेवरचा हक्क आला. तो आजही लागू आहे.

कमाईच्या हेतूने चॅनेल चालवायचं तर 'इम्प्रेसुम' लागतं, म्हणजे नाव, ईमेल आणि खरा टपाल पत्ता. नुसती पोस्टाची पेटी चालत नाही. घरचा पत्ता जगजाहीर होणं अनेकांना खटकतं, मलाही ते पटत नाही. पण नियम तसा आहे. पैसे घेऊन एखाद्या वस्तूची शिफारस केली, तर 'वेर्बुंग' म्हणजे जाहिरात असं स्पष्ट लिहावं.

यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला हजार सदस्य लागतात. त्याला वेळ आहे. विद्यार्थी व्हिसावर मात्र स्वतंत्र व्यवसायाची मुभा आपोआप मिळत नाही. पहिला युरो खात्यात येण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून लेखी परवानगी घ्या.