सत्तरीचा रुग्ण, पन्नाशीचे औषध

माहीम, प्रतिनिधी : माहीम-दादर परिसरातील घरांत सत्तरी ओलांडलेल्या कोणाला कर्करोगाचे निदान झाले, की कुटुंबीय परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची वाट धरतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘या वयात केमोथेरपी झेपेल का?’ याचे नेमके उत्तर देणे तज्ज्ञांनाही अनेकदा कठीण जाते. कारण ज्या क्लिनिकल ट्रायल्सच्या, म्हणजे रुग्णांवरील चाचण्यांच्या आधारे उपचार ठरतात, त्यांत या वयाचे रुग्ण फार थोडे असतात.

अमेरिकेतील १६ हजार ३९६ रुग्णांचा आढावा १९९९मध्ये प्रसिद्ध झाला. चाचण्यांत सहभागी झालेल्यांपैकी ६५ वर्षे व त्यावरील रुग्ण २५ टक्केच होते. प्रत्यक्षात तेथील कर्करुग्णांत त्यांचे प्रमाण ६३ टक्के होते. ही उणीव भरून निघावी यासाठी तेथील अन्न व औषध प्रशासनाला २०२२मध्येही मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या.

ज्येष्ठ मागे का राहतात, याची कारणे अनेक आहेत. काही चाचण्यांत वयाची अटच असते. ती नसली, तरी मूत्रपिंडाचे कार्य, हृदयविकार, आधीची औषधे यांच्या निकषांत ते गळतात. ‘त्यांना कशाला त्रास?’ असे कधी डॉक्टरांना वाटते, तर कधी मुलांना. वारंवार तपासणीला यायचे, तर माहीमहून परळही दूर वाटते. सोबतीला माणूस हवा आणि त्याला रजा हवी.

मात्र ज्येष्ठांवर स्वतंत्र चाचणी झाली, की वेगळी उत्तरे हाती येतात. स्तनाचा प्राथमिक कर्करोग असलेल्या, सत्तरी गाठलेल्या ६३६ स्त्रियांची चाचणी अमेरिकेत झाली. शस्त्रक्रियेनंतर टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या या स्त्रियांना किरणोपचार दिल्यास पाच वर्षांत त्याच भागात रोग उलटण्याचे प्रमाण १ टक्का, तर न दिल्यास ४ टक्के आढळले. आयुर्मानात लक्षणीय फरक पडला नाही. हे निष्कर्ष २००४मध्ये प्रसिद्ध झाले.

परळमध्येही असाच प्रश्न हाताळला गेला. डोके व मानेच्या कर्करोगात किरणोपचारांसोबत सिस्प्लॅटिन देतात. मूत्रपिंड अशक्त असणाऱ्यांना वा कमी ऐकू येणाऱ्यांना ते सोसत नाही. उतारवयात या तक्रारी नित्याच्याच. सिस्प्लॅटिन न चालणाऱ्या ३५६ रुग्णांवर टाटा रुग्णालयाने चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०२३मध्ये प्रसिद्ध झाले. किरणोपचारांना डोसिटॅक्सेलची जोड दिल्यावर दोन वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ४१.७ टक्क्यांवरून ५०.८ टक्क्यांवर गेले. तोंड सोलवटण्याचा त्रास मात्र वाढला.

जन्मतारखेपेक्षा रुग्णाची क्षमता महत्त्वाची, हे यामागील सूत्र. चालणे, तोल, वजन, स्मरणशक्ती, मनःस्थिती, चालू औषधे आणि घरचा आधार यांची पद्धतशीर तपासणी म्हणजे ज्येष्ठांचे सर्वांगीण मूल्यमापन. अमेरिकेत सत्तरीपुढील, प्रगत कर्करोगाच्या ७१८ रुग्णांवरील अभ्यासात ही माहिती डॉक्टरांना पुरवल्यावर गंभीर दुष्परिणाम ७१ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर आले. टाटा रुग्णालयातही २०१८पासून ज्येष्ठ कर्करुग्णांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग आहे.

म्हणूनच कुटुंबीयांनी तीन गोष्टी विचारायला हव्यात : हे उपचार या वयाच्या रुग्णांवर तपासले गेले आहेत का? असे मूल्यमापन होईल का? एखाद्या चाचणीत सहभागी होता येईल का? आणि होकार-नकार देण्याआधी एकदा आजी-आजोबांनाही विचारावे. निर्णय त्यांचाच आहे.