जुन्या जीपचा हातब्रेक : दोष आणि दुरुस्ती

१९५२ साली सामूहिक विकास योजना सुरू झाल्यावर जीप गाडी खेडोपाडी परिचयाची झाली. त्या जुन्या पद्धतीच्या जीपा काही शेतकरी आजही खते, बियाणे व भाजीपाला नेण्यासाठी वापरतात. इंजिनाची निगा राखली जाते. हातब्रेकाकडे मात्र दुर्लक्ष होते. दांडा पूर्ण ओढूनही गाडी सरकू लागली, की चाकाखाली दगड ठेवून वेळ मारून नेली जाते. उतारावर उभी केलेली भरली गाडी सुटल्यास समोरचे माणूस वा जनावर वाचणे कठीण असते.

पायब्रेक चारही चाकांवर चालतो. या जीपचा हातब्रेक मात्र चाकांवर नसून, ट्रान्सफर केसच्या मागे असलेल्या ड्रमवर असतो. हा ड्रम धरला गेला म्हणजे मागील चाकांकडे जाणारा फिरता दांडा, म्हणजेच प्रॉपेलर शाफ्ट, अडतो.

हातब्रेक न धरण्याची मुख्य कारणे तीन : केबल सैल होणे किंवा गंजून अडकणे, लायनर झिजणे, आणि ऑइल सील खराब होऊन लायनरवर तेल येणे. कारण न पाहता केवळ केबल आवळणे ही नेहमीची चूक होय. लायनर तेलकट असेल तर केबल कितीही आवळली तरी ब्रेक धरणार नाही.

दुरुस्तीपूर्वी गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्यावी. पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. मागील आस उचलून मजबूत स्टँडवर ठेवावा. केवळ जॅकवर विसंबून गाडीखाली जाऊ नये. प्रथम ड्रमभोवती तेल आहे का, ते पाहावे. असल्यास आधी सील बदलावे व नंतर लायनर. तेल मुरलेला लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. म्हणून भुकटी फुंकून न उडविता ओल्या फडक्याने पुसावी.

यानंतर दांडा पूर्ण सोडून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी. लायनर ड्रमला किंचित घासेपर्यंत जुळणी आवळून, ड्रम मोकळा फिरेल इतकी ती परत सैल करावी. केबलचा ढिलेपणा शेवटी काढावा. दांडा सोडल्यावर ड्रम घासत राहिला, तर तो तापून लायनर लवकर झिजतो.

या जीपच्या बाबतीत आणखी एक धोका ध्यानात ठेवावा. मागचे एकच चाक जॅकने उचलले असता, हातब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते. कारण डिफरन्शियलमुळे उचललेले चाक उलट फिरते व जमिनीवरचे चाक मोकळे होते. पंक्चर काढताना उरलेल्या चाकांना ठोकळे लावलेच पाहिजेत.

दुरुस्तीनंतर सौम्य उतारावर, पुढेमागे कोणी नसताना, चालकाने पाय पायब्रेकजवळ ठेवून परीक्षा घ्यावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही परीक्षा गाडीमालकांना प्रत्यक्ष करून दाखवावी. हातब्रेक चांगला असला तरी उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावणे हेच शहाणपणाचे होय.