लिनक्स टाकताय? स्टेबल घ्यावे की अगदी ताजे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट बंद झाले. म्हणून चालू संगणक भंगारात द्यायची गरज नाही. त्यावर लिनक्स टाकता येते. पण कोणती आवृत्ती टाकायची?

डेबियनचे उदाहरण घेऊ. १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक ते घडवत आहेत. नवा प्रोग्रॅम आधी 'अनस्टेबल' शाखेत येतो. या शाखेचे कायमचे नाव 'सिड', म्हणजे 'टॉय स्टोरी' चित्रपटातला खेळणी मोडणारा मुलगा! काही दिवसांत गंभीर दोष आढळला नाही, तर प्रोग्रॅम 'टेस्टिंग'मध्ये जातो. साधारण दर दोन वर्षांनी टेस्टिंगमधले बदल थांबवून, दोष काढून 'स्टेबल' आवृत्ती निघते. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आली.

स्टेबल म्हणजे कधीच न बिघडणारी, हा गैरसमज आहे. स्टेबल म्हणजे न बदलणारी. प्रोग्रॅम जुनाच राहतो, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातच बसवल्या जातात. त्यामुळे आवृत्तीचा आकडा जुना दिसला म्हणून घाबरू नका.

मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या साधनात चोरदरवाजा सापडला. अनेकांचा विश्वास मिळवलेल्या एका सहकाऱ्यानेच तो बसवला होता. तो सिड आणि टेस्टिंगपर्यंत पोहोचला होता, स्टेबल वाचली. पण तो पकडला कोणी? सिड वापरणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने! लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्या शंकेवरून त्यांनी शोध घेतला. ताजी आवृत्ती वापरणारे धोका पत्करतात, म्हणून बाकीचे निर्धास्त राहतात.

मग आपण काय करावे? संगणक अनेकांचा असेल, म्हणजे अभ्यासिकेतला, संस्थेच्या हिशेबाचा किंवा परीक्षेचे फॉर्म भरण्याचा, तर स्टेबलच घ्या. डेबियनला एकूण सुमारे पाच वर्षे आधार मिळतो. उबुंटूच्या 'एलटीएस'लाही पाच वर्षे. उबुंटूच्या मधल्या आवृत्त्यांना मात्र नऊच महिने.

संगणक स्वतःचा आहे, प्रोग्रॅमिंग शिकायचे आहे किंवा नव्या लॅपटॉपचे वायफाय स्टेबलवर चालत नाही? मग दर सहा महिन्यांनी येणारी फेडोरा किंवा डेबियन टेस्टिंग वापरा. फक्त बॅकअप ठेवा आणि दोष दिसला की कळवा. तेही योगदानच आहे.

एक चूक टाळा : स्टेबलमध्ये सिडचे प्रोग्रॅम मिसळू नका. आणि काहीही टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहा.