वृद्धनिवासांची तपासणी

वृद्धनिवासाची तपासणी म्हणजे केवळ इमारतीची पाहणी नव्हे. पीटर टाउनसेंड यांनी इंग्लंड व वेल्समधील १७३ निवासांना भेटी देऊन १९६२ साली ‘द लास्ट रेफ्यूज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. अन्नवस्त्राची सोय असूनही एकांत, उद्योग व निर्णयस्वातंत्र्य यांस रहिवासी बहुधा मुकतात, हे त्यातून दिसून आले. निवास सुरक्षित, परिणामकारक, सहृदय, गरजांविषयी तत्पर व सुव्यवस्थापित आहे काय, हे पाच प्रश्न आज इंग्लंडमधील केअर क्वालिटी कमिशन विचारते. त्यांपैकी औषधांची नोंद कागदोपत्री पडताळता येते. परंतु अंथरुणास खिळलेल्या वृद्धेने घंटा वाजविल्यावर कोण, किती वेळाने व कोणत्या स्वरात बोलत येते, हे कागद सांगत नाही. म्हणूनच पूर्वसूचनेवाचून दिलेली भेट आणि रहिवाशांशी एकांतात केलेले संभाषण तपासणीत अपरिहार्य ठरते.