लायसन्स आहे, वापर आहे का?

‘मायक्रोसॉफ्ट ३६५’चं भाडं माणशी भरावं लागतं. नोकरी सोडून गेलेल्याचं लायसन्स काढून घेतलं नाही, तर बिल चालूच राहतं. अशी पडून असलेली लायसन्स शोधण्याची रीत :

■ अहवाल : अ‍ॅडमिनला ७, ३०, ९० किंवा १८० दिवसांचा वापर पाहता येतो. टीम्स, आउटलुक, वनड्राइव्ह शेवटचं कधी वापरलं, याची तारीख प्रत्येक खात्यापुढे असते. मेलमधला मजकूर मात्र या अहवालांत नसतो.

■ नावं झाकलेली : १ सप्टेंबर २०२१ पासून या अहवालांत नावांऐवजी सांकेतिक अक्षरं दिसतात. खरी नावं हवी असतील तर ग्लोबल अ‍ॅडमिनला सेटिंग बदलावं लागतं.

■ घाई नको : ९० दिवस खातं शांत असलं तरी ती व्यक्ती बाळंतपणाच्या रजेवर असू शकते. आधी विभागप्रमुखाला विचारावं. लायसन्स काढल्यावर मेलबॉक्स ३० दिवस परत मिळवता येते. नंतर ती हातची जाते.

■ लायसन्सचा दुसरा प्रकार : महागड्या इंजिनिअरिंग सॉफ्टवेअरसाठी अनेकदा ‘फ्लोटिंग’ लायसन्स घेतात. दहा लायसन्स असतील तर सर्व्हर एका वेळी दहाच जणांना आत घेतो. अकराव्याला कुणीतरी बाहेर पडेपर्यंत थांबावं लागतं.