ओढ्याकाठच्या मातीचं मडकं

मडक्याची माती विकत आणावी लागत नाही. ओढ्याच्या वळणावर किंवा तळ्याच्या गाळात ती सापडते. पारख सोपी. ओल्या मातीची पेन्सिलीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. तडकली नाही तर माती कामाची.

आपली काळी माती मात्र फसवी. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना इतकी आकसते की भांडं सावलीतच तडकतं. म्हणून कुंभार मातीत राख, बारीक वाळू किंवा घोड्याची लीद मिसळतात. लिदीतले तंतू ओलं भांडं धरून ठेवतात, आव्यात जळतात आणि मागे बारीक छिद्रं राहतात. माठातलं पाणी गार होतं ते अशा छिद्रांतून पाझरून त्याची वाफ होते म्हणून! चुनखडीचे खडे तेवढे वेचून काढाच. भाजल्यावर त्यांचा चुना होतो, तो हवेतला ओलावा घेऊन फुगतो आणि धडधाकट भांड्याचा टवका काही दिवसांनी उडतो.

चाक नसलं तरी चालतं. वळ्यांवर वळ्या रचायच्या, आतून गोटा धरून बाहेरून थापीने ठोकायचं, गुळगुळीत दगडाने घोटायचं.

गोवऱ्या, काटक्या, पेंढा रचून भाजताना सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या वर माती कायमची बदलते. मग तिचा पुन्हा चिखल होत नाही. हवा खेळती राहिली तर भांडं लाल, धूर कोंडला तर काळं. आत ओल राहिली असेल तर मात्र ते सुरुवातीलाच फुटतं.

पहिल्या भांड्यात रोप लावा, ते पाझरणारच.